शंकू, झडपांची पेटी आणि पर्जन्यमापक : पुण्यातल्या एका शाळेच्या आवारातल्या वर्षभराच्या नोंदी

२९ नोव्हेंबर : जागा आणि सामान

आवारात तीन गोष्टी उभ्या करायच्या आहेत. सूर्याची सावली मोजायला शंकू (म्हणजे उभी सळई), तापमापकांसाठी झडपांची पेटी आणि पर्जन्यमापक. मोजणी आठवी-नववीची मुले करतील. ठिकाण पुणे : अक्षांश १८.५२ उत्तर, रेखांश ७३.८६ पूर्व, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५६० मीटर. दुसऱ्या गावी हे करणाऱ्यांनी आपल्या गावाचे हे तीन आकडे आधी काढून भिंतीवर लिहून ठेवावेत. या वहीतल्या काही मोठ्या चुका यांपैकी कुठला ना कुठला आकडा विसरल्यामुळे झाल्या आहेत.

शंकूसाठी ९० × ६० सेंमीचा सिमेंटचा ओटा, लांब बाजू उत्तर-दक्षिण. वर घोटाई आणि पांढरा रंग. १० मिमीची सळई दक्षिण कडेपासून १५ सेंमी आत रोवली. दक्षिणेला ही जागा सोडायलाच हवी, कारण जूनमध्ये इथे दुपारची सावली दक्षिणेला पडते. सळईचे टोक ओट्यापासून ५० सेंमीवर.

५ डिसेंबर : पहिली उत्तर-दक्षिण रेषा

दिशा आधी होकायंत्राने गच्चीवर घेतली. पाच ठिकाणी पाच वेगळी उत्तरे आली. स्लॅबमधल्या लोखंडाने सुई ओढली जाते, तेव्हा गच्चीवर होकायंत्र वापरूच नये. मग घड्याळात १२ वाजता शंकूची सावली ओट्यावर आखली आणि तिलाच उत्तर मानले. त्याच रेषेवरून पेटीच्या पायांचे खड्डे खणले आणि वातकुक्कुटाच्या (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या) खांबावर दिशांची पट्टीही बसवली.

८ डिसेंबर : रेषा चुकली

११:४५ ते १३:१० दर ५ मिनिटांनी सावलीचे टोक टिपले. सर्वांत आखूड सावली १२ वाजता आली नाही, १२:२७ ला आली. ५ तारखेची रेषा खऱ्या उत्तरेच्या ९ अंश पश्चिमेला गेली होती. ४४ सेंमी लांबीवर ७ सेंमीचा फरक.

कारण साधे आहे. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे आणि पुणे त्याच्या ८.६४ अंश पश्चिमेला. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे पुण्याची सरासरी मध्यान्ह (सावली सर्वांत आखूड असण्याची वेळ) १२:३४:३४ ला. त्यात वर्षभर कमी-जास्त होते, कारण पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा किंचित लांबट आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्याची खरी मध्यान्ह १२:१८ ला येते, ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२:४९ ला. अर्ध्या तासाचा हा फरक गृहीत न धरता केलेली कुठलीही दुपारची सावली खोटी.

घड्याळ नको असेल तर जुनी रीत उत्तम, यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन शुल्बसूत्रांतही ती आहे. शंकूभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिच्यावरचा लंब उत्तर-दक्षिण. आम्ही ५० आणि ६० सेंमीची दोन वर्तुळे घेतली. ओटा अपुरा पडला म्हणून भोवती प्लायवूडचे तुकडे ओट्याच्या पातळीत लावावे लागले. दोन्हींची उत्तर अर्ध्या अंशात जुळली, तीच कायम केली.

पेटीला ९ अंशांनी काही बिघडत नाही. वातकुक्कुटाला बिघडते. १६ दिशा मोजताना एका दिशेचा वाटा २२.५ अंशांचा, म्हणजे ९ अंश हे जवळजवळ निम्मे घर झाले. पट्टी उतरवून पुन्हा बसवली. एक पूर्ण दिवस गेला.

११ ते १३ डिसेंबर : धूसर टोक

सावलीचे टोक नेमके कुठे संपते यावर रोज मुलांचे वाद. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे डिसेंबरात ५० सेंमीच्या शंकूचे टोक ८ मिमी धूसर पडते. सळई उंच केली तर धूसरपणाही त्याच प्रमाणात वाढतो. उपाय : सळईच्या टोकावर ४० मिमीचा वॉशर आडवा डकवला. त्याचे मोठे भोक एम-सीलने बुजवून मधोमध ३ मिमीचे नवे भोक पाडले. सावलीच्या मध्यात आता उजेडाचा ठिपका पडतो, त्याचा मध्य मिलिमीटरपर्यंत टिपता येतो. उंची मात्र आता भोकापर्यंत मोजायची. पुन्हा ५० सेंमी भरावी म्हणून सळई ५ मिमी घासावी लागली.

दुसरी गोष्ट पाया. सळई डोळ्याला सरळ दिसली तरी ओळंबा सोडल्यावर ती ६ मिमी झुकलेली निघाली. ती सरळ करत बसलो नाही. भोकातून ओळंबा सोडून ओट्यावर जिथे टोक टेकले तिथे खिळ्याने खूण केली आणि सगळी लांबी त्या खुणेपासून मोजायची असे ठरवले. सळई रोवलेल्या जागेपासून मोजू नका. ओट्याची पातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपने तपासली. दक्षिणोत्तर एक अंश उतार राहिला तर मार्चची सावली जवळपास १ सेंमीने चुकते.

२२ डिसेंबर

मध्यान्ह १२:३३. सावली ४५.० सेंमी, गणिताने येते तेवढीच.

पण "आज सर्वांत लांब" हे एका दिवसाच्या मोजणीतून सिद्ध होत नाही. या दिवसांत सावली जवळजवळ थांबते, रोजचा फरक मिलिमीटरच्याही आत असतो. त्यासाठी जोडी लावावी लागते. ८ डिसेंबरच्या खुणा वॉशर बसवण्याआधीच्या, तरी आखूड सावली ४३.८ होती. तेवढीच सावली पुन्हा कधी येते ते पाहायचे.

४ जानेवारी

सावली ४३.८. ८ डिसेंबर आणि ४ जानेवारी यांच्या मध्यावर २१-२२ डिसेंबर येतो. जोडी जमली.

आजच्याच सुमारास पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७१ कोटी किमीवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, १५.२१ कोटी किमीवर. जवळ आलो की उन्हाळा, ही समजूत मुलांच्या वह्यांत हटकून सापडते. ती खोडायला आज सकाळचे किमान तापमान आणि हे अंतर फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणे पुरते.

१४ जानेवारी : संक्रांत

मध्यान्ह १२:४३. सावली ४१.७ सेंमी, म्हणजे २२ डिसेंबरपेक्षा ३.३ सेंमीने आखूड. आकाशातले उत्तरायण तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झाले. आपली संक्रांत तारकांच्या सापेक्ष मोजलेल्या मकर राशीशी बांधलेली आहे आणि अक्षाच्या संथ भोवऱ्यामुळे ती सुमारे ७२ वर्षांना एक दिवस या हिशोबाने ऋतूंपासून सरकत आली आहे. मुलांना हे नुसते सांगू नका, दोन खुणांमधले ३.३ सेंमी फुटपट्टीने मोजू द्या. सण खोटा ठरत नाही, त्याचे मोजमाप वेगळे आहे एवढेच त्यांना कळते.

एक शंका हमखास येते : दिवस मोठा होत असेल तर सूर्य अजून उशिरा का उगवतो? पुण्यात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो आणि सूर्यास्त त्याहून जास्त वेगाने पुढे सरकतो. खरी मध्यान्ह १२:३३ वरून १२:४३ वर गेली आहे, त्यातच उत्तर आहे. दिवसाची दोन्ही टोके मध्यान्हीबरोबर सरकतात.

२५ जानेवारी ते १० फेब्रुवारी : झडपांची पेटी

सुताराने बनवली. झडपा बाहेर उतरत्या, बूड जाळीचे, छत एकेरी. आतल्या तापमापकांचे गोळे जमिनीपासून १.२ मीटरवर. पहिल्यांदा ती गच्चीवर ठेवली, कारण तिथे चेंडू लागायची भीती नाही. चूक. स्लॅब संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो. तसाच दुसरा तापमापक मैदानाच्या कडेला, गवतावर, सावलीत टांगून तीन दिवस तुलना केली : गच्चीवरची पेटी दुपारी २ ते ३ अंश जास्त दाखवत होती, पहाटेही अंशभर जास्त. गच्चीवरचे आकडे वहीतून काढून टाकले. पेटी गवतावर हलवली आणि भोवती कुंपण केले.

तरीही दुपारी अंशभर जास्त. छत हाताला चटका देत होते. त्यावर ५ सेंमी अंतर सोडून दुसरे छत ठोकले, मधून वारा खेळतो. पांढऱ्या ऑइल पेंटचा तिसरा हात दिला. फरक गेला. झडपांचा एकच थर असेल तर दुसरे छत विसरू नका, दोन थर असतील तर उत्तमच. सुताराला आधी सांगितले असते तर ७०० रुपये वाचले असते.

दरवाज्याची गोष्ट जरा सविस्तर. पेटीचा दरवाजा उत्तरेला ठेवतात, म्हणजे उघडल्यावर ऊन आत येत नाही. हवामान खात्याच्या पेट्याही तशाच असतात. पण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला ही सूचना अर्धीच लागू पडते. पुण्यात १४ मे ते २९ जुलै सूर्य दुपारीही डोक्याच्या उत्तरेला असतो आणि मार्च-अखेर ते सप्टेंबर तो उगवतो पूर्वेच्या उत्तरेला. सकाळी ८:३० ला दरवाजा उघडला की तिरपे ऊन थेट गोळ्यांवर. म्हणून बिजागरी पूर्वेच्या बाजूला लावली. दरवाजा काटकोनात उघडून धरला की तोच आडोसा होतो. संध्याकाळी ५:३० ला हेच ऊन पश्चिमेकडून येते. तेव्हा मोजणाऱ्याने पुठ्ठा धरायचा आणि अर्ध्या मिनिटात वाचून दरवाजा लावायचा.

११ फेब्रुवारी

मध्यान्ह १२:४९, वर्षातली सर्वांत उशिराची. सावली ३२.० सेंमी.

कमाल-किमान तापमापक बर्फात तपासला. फोडलेला बर्फ आणि थोडे पाणी, दहा मिनिटे ढवळत. ० ऐवजी ०.८ दाखवतो. पेटीच्या आत चिठ्ठी चिकटवली : "०.८ वजा करा". यू आकाराच्या या तापमापकात किमानची पट्टी उलटी असते, वर कमी आणि खाली जास्त. दोन आठवड्यांच्या नोंदींत निम्म्या मुलांनी ती सुलटी वाचली. वाचन नळीतल्या सरकत्या खुणेच्या खालच्या टोकाशी घ्यायचे.

तारखेचाही घोळ निस्तरला. सकाळी ८:३० ला दिसणारे कमाल तापमान काल दुपारचे, ते कालच्या तारखेला लिहायचे. किमान आजचेच. पाऊस मात्र काल ८:३० ते आज ८:३० असा मोजून आजच्या तारखेला. हे तीन नियम पेटीवर रंगवून घेतले, तेव्हा वही सुधारली.

२० मार्च

सावली १६.७ सेंमी. १६.७ भागिले ५०, त्याचा व्यस्त टॅन १८.५ अंश : हा पुण्याचा अक्षांश. वर्षभरातली सर्वांत सोपी आणि सर्वांत समाधान देणारी मोजणी. आज ठिपका दिवसभर पूर्व-पश्चिम सरळ रेषेत सरकतो, इतर दिवशी त्याची वाट वाकडी असते. दहा खुणा टिपून दोरी लावा, वाक दिसणार नाही.

३० मार्च : हवेचा दाब

दाब मोजणारा बीएमपी २८० सेन्सर जोडला. तो ९४६ हेक्टोपास्कल दाखवतो आणि हवामानाच्या बातमीत १००८. सेन्सर खराब समजून दुकानातून बदलून आणला. दुसराही ९४६. दोन्ही ठीक होते. बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. वर चढताना सुरुवातीला दर ९ मीटरला सुमारे १ हेक्टोपास्कल कमी होतो, ५६० मीटरला ६२.

दुसरा धोका : रोज दुपारी ४ च्या सुमारास दाब ३-४ ने खाली येतो आणि मुले वादळाची भविष्यवाणी करतात. उष्ण कटिबंधात दाबाला दिवसातून दोन भरत्या असतात, सकाळी १० आणि रात्री १० च्या आसपास, आणि पहाटे व दुपारी ४ च्या आसपास ओहोट्या. तुलना करायची तर कालच्या त्याच वेळेशी.

२४ एप्रिल : ओल्या फडक्याचा खोटेपणा

कोरडा तापमापक ३८, ओला (गोळ्याला ओले फडके बांधलेला) २४.५. तक्त्याप्रमाणे आर्द्रता ३० टक्क्यांच्या वर. ओठ फुटत असताना? मलमलीचे फडके कडक आणि पिवळे झाले होते. डबीत बोअरवेलचे पाणी घातले जात होते, क्षार बसून फडके पाणी ओढेनासे झाले. नवीन मलमल साबणाशिवाय उकळून बांधली, बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर घातले. पंधरा मिनिटांत ओला २१ वर. आर्द्रता १८ टक्के. उन्हाळ्यात फडके दर आठवड्याला बदलावे. एप्रिलच्या पहिल्या तीन आठवड्यांची आर्द्रता रद्द केली.

१३-१४ मे : शून्य सावली

मध्यान्ह १२:३१. ठिपका ओळंब्याच्या खुणेवर. या काळात सावली दिवसाला २ मिमी सरकते, म्हणून १३ आणि १४ दोन्ही दिवशी जवळजवळ शून्यच मिळते. नेमका दिवस ठरवण्याच्या नादात पडू नका. दोन्ही दिवशी कमाल ३७ च्या वर. सुट्टी असूनही ११ मुले आली.

२ जून : पर्जन्यमापक

१६० मिमीचा पीव्हीसी पाइप, वर नरसाळे, आत १ लिटरची बाटली. काठ कानशीने बाहेरच्या बाजूला उतरता घासला, आतली धार सुरीसारखी. बोथट काठावर पडलेला थेंब आत गेला की बाहेर, हे ठरत नाही. काठ जमिनीपासून ३० सेंमी वर, जवळच्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. आमची भिंत ४ मीटरची, अंतर ९ मीटर ठेवले. खाली गवत हवे, फरशी असली तर थेंब उडून आत येतात.

चूक क्षेत्रफळात. १६० मिमी हा पाइपचा बाहेरचा व्यास. आतला मोजला तर १५२. बाहेरच्या व्यासाने १ मिमी पाऊस म्हणजे २०.१ मिली होतो, आतल्याने १८.१ मिली. पहिल्या दोन वळवाच्या सरी १० टक्के कमी लिहिल्या गेल्या होत्या. बाटलीतले मिलिलिटर लिहून ठेवले होते म्हणून सुधारता आल्या. वहीत नेहमी मिली आणि मिमी दोन्ही लिहा.

१९ जून

रात्रीच्या पावसाने बाटली भरून वाहिली. १ लिटर म्हणजे आमच्या मापाने ५५ मिमी. वरचे पाणी बाहेरच्या पाइपात साठायला हवे होते, पण बुडाच्या टोपणाचा सांधा गळका निघाला. नोंद "५५ पेक्षा जास्त" एवढीच. अंदाजाने आकडा घालू दिला नाही. हवामान खाते ६४.५ मिमीपासून मुसळधार म्हणते, ती पायरी ओलांडली का हे आता कळणार नाही. सांधा सॉल्व्हंट सिमेंटने बंद केला, पाणी भरून रात्रभर ठेवून तपासला. हे ३१ मेला करायला हवे होते.

२१ ते २५ जून

२१ ला दिवसभर ढग, सावली नाही. २२, २३, २४ तशीच. २५ ला १२:३६ ते १२:३८ ढग फाटले, मध्यान्ह नेमकी १२:३७. सावली दक्षिणेला ४.३ सेंमी. तेवढ्या दोन मिनिटांसाठी चार दिवस १२:२५ पासून ओट्यापाशी एक मूल उभे होते. पुण्यात जूनची नोंद मिळवायची तर याला पर्याय नाही. निदान १५ ते ३० जून पहारा ठेवा.

२९ जुलै

दुसरा शून्य सावलीचा दिवस. मध्यान्हीचा सूर्य १४ मेइतकाच डोक्यावर, दिवसाची लांबीही तेवढीच. ठिपका दिसलाच नाही. कमाल २८. मे महिन्यातल्या त्या दिवसापेक्षा ९ अंश कमी.

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती ही नोंद. अक्षाचा कल आपल्याला ऊन देतो, पण ऋतू त्यावर थांबत नाही. मधे नैऋत्य मोसमी वारे आले, ढगांनी ऊन अडवले, भिजलेल्या जमिनीतले पाणी उडवण्यात उष्णता खर्च झाली. म्हणून आपला उन्हाळा २१ जूनची वाट न पाहता एप्रिल-मेमध्ये टोकाला जातो. चार ऋतूंचे सारख्या वाटण्यांचे चित्र फळ्यावर काढण्याआधी या दोन तारखांचे आकडे मुलांपुढे ठेवावेत.

२३ सप्टेंबर

सावली उत्तरेला १६.७. मार्चच्या रेषेवर ठिपका बरोबर चालला.

१० ते २५ ऑक्टोबर

वातकुक्कुट पश्चिमेवरून पूर्वेकडे फिरला. सुरुवातीला मुलांनी बाणाच्या शेपटीची दिशा लिहिली. वारा जिकडून येतो ती दिशा लिहायची आणि बाणाचे टोक तिकडेच असते. मंद वाऱ्यात तो अडकत होता. शेपूट हलकी पण रुंद हवी आणि बाण आसावर तराजूसारखा तोलला जायला हवा. टोकाला ४० ग्रॅमचा नट बांधल्यावर सुटला.

कमाल पुन्हा ३२-३३ वर. आकाश मोकळे, जमीन ओली, सावली रोज लांबत असताना तापमान मात्र ऑगस्टपेक्षा जास्त. ऑक्टोबर हीट वहीत अशी दिसते.

१ डिसेंबर : हिशोब

सळई, वॉशर १८०. ओटा ९००. पेटी, दुसऱ्या छतासह ३,६००. कमाल-किमान तापमापक ६५०, कोरडा-ओला ९००. पाइप, नरसाळे, बाटली ४२०. वातकुक्कुट ३५०. एकूण ७,००० रुपये. सेन्सर शाळेत होताच.

वर्षाच्या पावसाची बेरीज काढल्यावर "पुण्याचे हवामान बदलले का" हा प्रश्न आला. एका वर्षाच्या वहीतून त्याचे उत्तर देऊ नये. वहीत आहे ती त्या त्या दिवसाची हवा. हवामान म्हणायला ३० वर्षांची सरासरी लागते, सध्या १९९१ ते २०२० ची वापरतात. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले, शिवाजीनगरची ती इमारत अजून "सिमला ऑफिस" म्हणून ओळखली जाते. इथल्या शाळांना एवढी जुनी, सलग नोंद शेजारीच आहे. आपला महिना त्या सरासरीशेजारी लिहा, दुसरा रकाना कोरा ठेवू नका.

२२ डिसेंबर

सावली ४५.३. गेल्या वर्षीपेक्षा ३ मिमी जास्त. ओळंबा सोडला तर टोक खुणेच्या उत्तरेला ३ मिमीवर टेकले. मधे कधीतरी सळई तेवढी झुकली आहे. नवीन खूण केली, जुनीला फुली मारून तारीख लिहिली. ऑक्टोबरपासूनच्या नोंदींत दुरुस्ती करायची आहे, कारण सप्टेंबरची १६.७ जुन्या खुणेशी जुळत होती, म्हणजे सळई त्यानंतर हलली. २५ ऑक्टोबरला वातकुक्कुटाचा खांब याच ओट्याला टेकवून ठेवला होता. तिथपासूनच्या प्रत्येक नोंदीतून ३ मिमी वजा करून शेजारी मूळ आकडा ठेवला.

सळईच्या बुडाशी नवीन काँक्रीट भरणे बाकी.